चौथी ओळ

८ फेब्रुवारी १९८७, रविवार

चौथी ओळ माझी आहे! इथे लिहून टाकते, नाहीतर पोटात मावायची नाही. दुसऱ्या कुणाला सांगायची सोयच नाही.

झालं ते असं. आज आमच्या श्लोकसभेची वर्षाची अक्षरश्लोकाची, म्हणजे श्लोकांच्या भेंड्यांची, बैठक. दुपारी तीनला दिवा लावून बसलो ते बावीस जण. साडेपाचपर्यंत वीस पाट रिकामे झाले — कुणाला अक्षर सुचलं नाही, कुणी मध्येच अडखळलं. उरलो दोघं. मी आणि नीलकंठ मास्तर. सतरा वर्षं सोन्याचं पदक त्यांच्याकडेच जातंय. आजवर एकाही बाईच्या गळ्यात पडलेलं नाही. मास्तरांनी श्लोक म्हटला, त्याच्या तिसऱ्या ओळीचं पहिलं अक्षर माझ्या वाट्याला — 'त'! आणि 'त'चे माझे सगळे श्लोक म्हणून संपलेले. आमचे सेक्रेटरी अच्युत मेनन घड्याळाकडे बघतायत. आणि एकदम अम्मम्मा आठवली. माझी आजी. देवळाच्या तळ्यावर कपडे धुताना पुटपुटायची ते. चाळीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं!

तुला नेत्र साहस्र, ना एक येथे
तुझे हात साहस्र, ना एक माथी
न मागावया आज, सांगावयाला —

इथवर आले आणि पुढे काळोख. चौथी ओळ नाहीच! अम्मम्मा ती म्हणायची की नाही तेसुद्धा आठवेना. थांबले असते तर बाद. थांबले नाही. जीभ आपली आपण चालत राहिली —

किती भागलीसे! जरा बैस, माये

भुजंगप्रयातात चपखल बसली. लोक "आहा! आहा!" करायला लागले. एका म्हाताऱ्यानं तर डोळे पुसले. आता मास्तरांना 'न' आला. 'न'चे त्यांना शंभर तरी पाठ असतील. पण ते गप्प! नुसते माझ्याकडे बघत राहिले. मेननांनी हात वर केला. वेळ संपली. मी जिंकले!

आणि मग मास्तर म्हणाले, "टीचर, हा श्लोक कोणाचा?"

जळलं माझं नशीब. बैठकीत, दिव्यासमोर, हा प्रश्न विचारला की सभेच्या लेखी तो आक्षेप. मेनन लगेच वही काढून बसले. एकवीस दिवसांत श्लोकाचं मूळ दाखवायचं. छापील पुस्तक, नाहीतर जुनं हस्तलिखित, नाहीतर तो आधी ऐकलेले साठीच्या वरचे दोन साक्षीदार. नाही दाखवलं तर श्लोक स्वरचित, म्हणजे सभेच्या लेखी खोटा. आणि खोटा श्लोक म्हणणाऱ्याचा, खोटी साक्ष देणाऱ्याचा पाट जन्मभर बंद. शिष्यांसकट!

मूळ सापडलं नाही तर मी खोटी. सापडलं तर त्यात चौथी ओळ वेगळी निघणार, म्हणजे पुन्हा मी खोटीच. आता करू काय?

९ फेब्रुवारी

राघवेट्टननी गल्लीभर केळ्याचे वेफर वाटले. बायको जिंकली म्हणून! मी पंचावन्न वर्षांची बाई, तीस वर्षं शाळेत पोरांच्या कॉप्या पकडल्या, आणि नवऱ्याला खरं सांगायला तोंड उघडत नाही.

११ फेब्रुवारी

घरातले सगळे श्लोकसंग्रह उपसून झाले. काल अख्खा दिवस सभेच्या वाचनालयात. वाळवीनं खाल्लेली मासिकं, राजाश्रयातल्या कवींच्या जाडजूड पोथ्या, देवीची स्तोत्रं. 'तुला नेत्र' अशी सुरुवात सात ठिकाणी मिळाली. सातही देवीच्या डोळ्यांचं कौतुक करणारे! माझा श्लोक कौतुक करत नाही, भांडतो.

गावात मात्र ज्याला त्याला 'नक्की' ठाऊक. देवळातला ढोलवाला मारार गळ्यातला चेंडा खाली ठेवून म्हणाला, "हा तर दोनशे वर्षांपूर्वीच्या एका राजपुत्राचा, टीचर. नक्की!" औषधवाले वैद्यर म्हणाले, "छे, छे. काशीहून आलेल्या संन्याशाचा. माझे वडील सांगायचे." मेननांचे मेहुणे म्हणाले की शाळेच्या पुस्तकात होता, यत्ता सातवी. मी तीस वर्षं सातवीलाच शिकवलं! कोणतं पान ते कुणालाच ठाऊक नाही, आवाज मात्र सगळ्यांचा खणखणीत.

१४ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या श्लोकांच्या वर्गाला चौघी मुलींपैकी दोघीच आल्या. ओमनाची आई तिला घ्यायला आली, दारातच उभी. "टीचर, वाईट वाटून घेऊ नका. पण लोक म्हणतात, गुरूचाच पाट गेला तर..." मीच म्हटलं, "तर मुलींचाही जातो. नियम मला पाठ आहे, बाई."

विषूच्या, नव्या वर्षाच्या, बैठकीला या चौघी बसणार होत्या. सभेच्या साठ वर्षांत पहिल्यांदा एका रांगेत चार मुली. ओमनाचं तर ज्याचे श्लोक मुश्किलीनं मिळतात तो 'ळ'सुद्धा पाठ झालाय. मेनन तिच्या बापाला म्हणाले होते, "ही दहा वर्षांत मास्तरांना उठवेल." तिच्या वेण्यांकडे बघितलं आणि मला भडभडून आलं. माझ्या एका ओळीपायी ह्यांची वाट बंद व्हायची! आत जाऊन तोंड धुतलं, आणि पुन्हा 'ळ' म्हणून घेतला.

१५ फेब्रुवारी

राघवेट्टन पान जमवता जमवता म्हणाले, "एवढं कसलं घेऊन बसलीस? साक्षीदारच हवेत ना? मी सदुसष्टचा. मी सांगतो, लहानपणी ऐकला होता. दुसरा वैद्यर. त्याच्याकडून अरिष्टाची एक बाटली विकत घेतली की तो काहीही सांगेल."

"दिव्यासमोर सांगाल?"

"दिव्याला काय कळतं?"

मी असं काही बघितलं की पान तसंच ठेवून माणूस बाजारात निघून गेला. पण खोटं कशाला लिहू — क्षणभर मनात आलं होतं की हो म्हणावं.

१७ फेब्रुवारी

चेरियम्मा! कशी विसरले मी! अम्मम्माची शेंडेफळ बहीण, एक्याण्णव वर्षांची, त्रिपुणित्तुरेला मुलीकडे असते. दोघी बहिणी एकाच तळ्यावर न्हायच्या. उद्या पहिली एसटी.

१८ फेब्रुवारी

सगळं क्रमानं लिहिते.

चेरियम्मा ओसरीवर चिंचेचे चिंचोके काढत बसली होती. मला ओळखलं. "जाड झालीस!" हे पहिलं वाक्य. मी सरळ मुद्द्यावर आले, तीन ओळी म्हणून दाखवल्या. तिचे ओठ माझ्याबरोबर हलायला लागले. मग चौथी म्हटली. माझी. ओठ थांबले.

"हे कुठलं मधेच घुसडलंस?"

सकाळी कांजी प्यायली की नाही हे या बाईला आठवत नाही, पण हे बरोबर धरलं! म्हटलं, "मग खरी कुठली?"

"ती म्हणायची नसते. तुझ्या आजीनंही कधी म्हटली नाही. तीन म्हणायची आणि गप्प. चिडलेल्या भगवतीला आपल्या घराचा पत्ता कशाला द्यायचा?"

दोन तास मनधरणी केली. पाय चेपले, डोक्याला तेल लावलं. शेवटी दुपारी जेवण झाल्यावर म्हणाली, "कान इकडे कर." आणि इतकं हळू म्हणाली की मला दोनदा विचारावं लागलं.

तुझ्या नावचा दीप लावीं न आता

न मागावया आज, सांगावयाला — आणि सांगायचं ते हे! मी तिथे काय जोडलं होतं? जरा बैस, माये!

"कोणाचा हा, चेरियम्मा?"

"कोणाचा म्हणजे? नानिक्कुट्टीचा. किळक्केडत्तच्या. देवीची साथ आली होती बघ, मी चोवीसची असेन. तिची तीन पोरं नऊ दिवसांत गेली. एक तेवढा कडेवरचा राहिला. दहाव्या दिवशी तळ्यावर आली, तुझ्या आजीच्या शेजारी पाण्यात उभी राहिली, देवळाकडे तोंड केलं आणि म्हटला. रडली नाही. म्हटला नि घरी गेली. मरेपर्यंत त्या घरात दिवा लावला नाही तिनं. मुलाला शपथ घातली, तूही लावायचा नाहीस."

किळक्केडत्त! मला पुढचं ऐकूच येईना. किळक्केडत्त म्हणजे नीलकंठ मास्तरांचं घर. कडेवरचा तो — मास्तर!

त्या ओसरीवर तिन्हीसांजेला दिवा लागत नाही हे सगळं गाव जाणतं. मास्तर कम्युनिस्ट, म्हणून लावत नाहीत, असं आम्ही सगळे धरून चाललो. राघवेट्टन तर त्यांना 'कॉम्रेड पिषारोडी' म्हणतात. लग्न केलं नाही, एकटे राहतात, कुणाच्या घरी जात नाहीत. त्याचंही खापर आम्ही पक्षावरच फोडलेलं.

मूळ सापडलं. आणि ते सापडलं त्या माणसाच्या घरात, ज्यानं आक्षेप घेतला.

२० फेब्रुवारी

दोन दिवस तेच ते डोक्यात. त्यांच्या आईचा श्लोक! चौथी ओळ त्यांना ठाऊक नसेल तर कुणाला असेल? म्हणजे त्या दिवशी मी ती म्हटली त्याच क्षणी त्यांना कळलं की ही बाई ठोकतेय. तिथेच का नाही बोलले? एकवीस दिवस मला दारोदार फिरवायचं, आणि एक तारखेला भर सभेत उठून खरी ओळ म्हणायची — असंच ना? सतरा वर्षांचं पदक गेलं त्याचा हा सूड!

आज देवळाच्या वाटेवर समोरून आले. छत्री, कमरेला धुतलेलं मुंडू, तीच मान खाली. मला बघितलं आणि थांबले. मी रस्ता ओलांडून सरळ मासळीबाजाराच्या गल्लीत शिरले. आम्ही वारियर, देवळाच्या सेवेतली माणसं, आयुष्यात मासा घेतला नाही!

२२ फेब्रुवारी, रविवार

ते घरी आले.

मी अंगणात पापड वाळत घालत होते. राघवेट्टन ओरडले, "तंकम, कॉम्रेड आलेत!" ओसरीवर बसले. चहा पुढे केला, हात लावला नाही.

"टीचर, साक्षीदार किती झाले?"

"एक. माझ्या आजीची बहीण."

"दुसरा मी."

ते जमिनीकडे बघून बोलत होते, वर्गात धडा न आलेलं पोर बोलतं तसं. "आक्षेप घ्यायचा नव्हता मला. तोंडातून निघून गेलं. दिव्यासमोर निघालेलं मागे घेता येत नाही, नाहीतर तेव्हाच घेतलं असतं. आई म्हणायची हा श्लोक. आईला जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाली. त्यानंतर परवा तुमच्या तोंडून ऐकला."

मी वाट बघत होते. आता म्हणतील, पण चौथी ओळ तर... आता म्हणतील! आणि ते म्हणाले, "शेवटची ओळ परत एकदा म्हणाल?"

म्हणावी लागली. डोळे मिटून ऐकली. "आणखी एकदा." तीनदा म्हणून घेतली माझ्याकडून! मग छत्री घेऊन उठले. फाटकाशी थांबून म्हणाले, "एक तारखेला येतो. काळजी करू नका."

ते गेले आणि मी तो तसाच राहिलेला चहा उचलून आत नेला. म्हणजे यांना खरी ओळ ठाऊकच नाही! आईनं शपथ घातली, पण ओळ सांगितली नाही. अम्मम्मासारखीच तीन म्हणून गप्प राहत असेल. दोन साक्षीदार झाले. पाट वाचला, मुली वाचल्या. सुटले! देवा, सुटले!

२३ फेब्रुवारी

चौघी मुलींना निरोप धाडला. शनिवारी वर्ग नक्की.

२४ फेब्रुवारी

राघवेट्टन संध्याकाळी बाजारातून आले ते हसतच. "ऐकलंस का? किळक्केडत्तच्या ओसरीवर दिवा! पितळेचा, पाच वातींचा! पक्षाला कळवायला हवं. गेल्या रविवारपासून रोज लावतोय म्हणे. शेजारीण सांगत होती, त्याला वातसुद्धा वळता येत नव्हती. तिच्याकडून शिकून घेतली. अडुसष्टाव्या वर्षी!"

माझ्या हातातून भाताची पेज ओतली गेली. पायावर आली, ते कळायलाही वेळ लागला.

मग सगळं सांगितलं नवऱ्याला. पहिल्या दिवसापासून. पायाला खोबरेल लावता लावता ऐकत होते, एकदाही मधे बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "मग गप्प बस की. गावात एक दिवा जास्त लागला तर कुणाचं पोट दुखतंय?"

"त्यांना वाटतं आईनंच देवीला 'बैस' म्हटलं, म्हणून लावलाय तो दिवा! आणि म्हटलंय मी! आईनं तर नको म्हणून सांगितलं होतं!"

"ओरडू नकोस. पाय हलतोय."

२६ फेब्रुवारी

चेरियम्माचं पत्र. नातीनं लिहिलंय, खाली वेडीवाकडी सही. तीन ओळी, आणि त्यांच्याखाली: 'ह्या मी सन १९२० साली नानिक्कुट्टी पिषारस्यारच्या तोंडून ऐकल्या. चौथीखाली सही करणार नाही. तंकमला कारण ठाऊक आहे.'

थेरडी! एक ओळ लिहिली असती तर काय झालं असतं? राघवेट्टन म्हणतात, मेनन चालवून घेतील, म्हातारी आहे, विसरली म्हणतील. चौथीला मास्तर आहेतच.

चौथीला मास्तर आहेतच. हे वाक्य सकाळपासून कानात बसलंय. मी त्या माणसाला दिव्यासमोर उभं करून, त्याच्या मेलेल्या आईच्या नावानं, माझं खोटं वदवून घेणार. त्याला कळूही न देता! मुलींसाठी, म्हणते मी. मुलींसाठी की पदकासाठी? पदक कपाटात आहे. दोनदा काढून बघितलं, हेही लिहून ठेवते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

गेले त्यांच्याकडे. वर्ग दहाचा, मी आठलाच किळक्केडत्तच्या फाटकात. मास्तर ओसरीवर दिवा घासत होते, चिंच आणि राख घेऊन. मला बघून उठायला लागले. "बसा," म्हटलं, आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसले असते तर धीर झाला नसता. मला चौथी ओळ आठवली नाही. घाबरले. तोंडाला येईल ते म्हटलं. ती ओळ तुमच्या आईची नाही, मास्तर. आईची ओळ वेगळी आहे. ती मी त्रिपुणित्तुरेला ऐकून आले.

"तुझ्या नावचा दीप लावीं न आता," मास्तर म्हणाले.

म्हणजे यांना ठाऊक होती!

"ठाऊक आहे मला. सहा वर्षांचा असल्यापासून. रोज तिन्हीसांजेला म्हणायची. बाकीच्यांची आई शुभं करोति म्हणायची, माझी हे."

"मग... परवा तीनदा का म्हणायला लावलंत?"

दिवा घासता घासता म्हणाले, "मला नेहमी वाटायचं, श्लोक तिचा नसणार. आई कुठे शिकलेली होती? कुणा जुन्या कवीचा असेल. तिनं ऐकला असेल, आणि पोरं गेल्यावर रागाच्या भरात शेवट बदलला असेल. म्हणजे मूळ शेवट कुठेतरी असणार. तो सापडला की म्हणता येईल — हा शाप आईचा नव्हे, हे नुसतं दुःख होतं. म्हणून पाठ करत गेलो, टीचर. लोकांना वाटतं मला श्लोकांची हौस. चार हजार श्लोक पाठ आहेत. ह्या एकासाठी."

मी पायरीवर बसले.

"त्या दिवशी तुम्ही म्हटलात, आणि मला वाटलं, सापडलं. आपोआप विचारलं गेलं, कोणाचा. मला खरंच हवं होतं ते. पुस्तक, पान, कवीचं नाव." मग माझ्याकडे बघून विचारलं, "कुठेच नाही का ती ओळ? तुम्ही लहानपणी कुठे ऐकली असेल, विसरला असाल..."

किती आशेनं विचारलं! हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. मी म्हटलं, "नाही हो. कुठेच नाही. माझीच."

मान हलवली. "म्हणजे मूळ तेच. आईचंच."

"उद्या सभेत मी उठून सांगणार आहे. माझा पाट जाईल तो जाईल. तुम्हाला साक्षीला यायची गरज नाही."

मास्तरांनी दिवा धुतला, फडक्यानं पुसला आणि आत नेऊन ठेवला. मी वर्गावर गेले. चौघीही आल्या होत्या. ओमना म्हणाली, "टीचर, उद्या आम्ही पहिल्या रांगेत बसणार, तुमच्या बाजूनं!" मी तिला 'ळ'चे श्लोक उलटे म्हणायला लावले, तोंडाकडे बघू नये म्हणून.

१ मार्च, रविवार

मी बोलले नाही.

उठणारच होते. पदक पदराला बांधून नेलं होतं परत द्यायला. पण मेननांनी आधी साक्षी घेतल्या. चेरियम्माचं पत्र वाचलं. चौथ्या ओळीपाशी लोक कुजबुजले, मेनन म्हणाले, "एक्याण्णव वर्षं आहेत. तीन आठवल्या हेच पुष्कळ." मग हाक मारली, "पिषारोडी मास्तर."

मास्तर आले. मला वाटलं, खरी ओळ म्हणतील. मनातून बरंच वाटलं, निदान मला म्हणावं लागणार नाही. ते दिव्यासमोर बसले, हात जोडले आणि चारही ओळी म्हटल्या. तीन आईच्या, चौथी माझी. वर्गात म्हणतात तशा, सावकाश, एकेक अक्षर स्वच्छ. म्हणाले, "हा श्लोक माझ्या आईचा. नानिक्कुट्टी पिषारस्यारचा. असाच, चारही ओळींचा, मी लहानपणी तिच्या तोंडून ऐकलाय."

मी ताडकन उठले. "मास्तर —"

"टीचर, बसा," म्हणाले. रागानं नाही. विनवणीनं म्हणाले.

आणि मी बसले! बोलले असते तर त्यांना तिथल्या तिथे खोटं पाडलं असतं, त्यांच्या आईसकट. हे कारण मी आत्ता लिहितेय. तेव्हा काही सुचलंच नव्हतं. सतरा वर्षांत मास्तरांच्या शब्दावर कुणी शंका घेतलेली नाही, आजही घेतली नाही. मेननांनी आक्षेप खोडला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. राघवेट्टन सगळ्यांना सांगत होते, "बघा, कॉम्रेड असूनही माणूस सरळ!"

बाहेर पडताना त्यांना गाठायला धावले. छत्री उघडून केव्हाच निघून गेले होते.

८ मार्च, रविवार

मास्तरांनी सभा सोडली. पत्र एका ओळीचं: 'नियमाप्रमाणे माझा पाट बंद समजावा.' कोणता नियम, कुणाला कळेना. मेनन म्हणाले, वय झालं. त्यांच्या जागेवर, पहिल्या पाटावर, मला बसवलं. श्लोक सभेच्या ग्रंथात चढवला — चारही ओळी, कर्ती नानिक्कुट्टी पिषारस्यार. यापुढे कुणी मूळ शोधत आलं तर त्याला हेच पान मिळेल. खाली 'मूळ पाठाशी ताडून पाहिला' याच्यापुढे माझी सही हवी होती.

केली.